फिरत्या दवाखान्यातली वीज

मालेगावच्या त्या मिस्त्रीचं नाव मला ठाऊक नाही. आमचा फिरता दवाखाना म्हणजे एक मोठी मोटार होती. डॉक्टर आणि मी तिच्यातच राहत असू. घरात पहिला बी.एस्सी. झालेला मी, दिवे-पंख्यांचं काम माझ्याकडे होतं आणि नोकरी अजून कच्ची होती.

दसऱ्याला मी मोटार आतून-बाहेरून रंगवली, तिची पूजा केली, आणि दुसऱ्या दिवशी आतला एकही दिवा लागेना. "संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर दुसरा माणूस मागवतो," डॉक्टर म्हणाले.

मी धावत जाऊन मालेगावच्या बाजारातून मिस्त्रीला घेऊन आलो. त्याने आधी चष्मा सदऱ्याला पुसला. मी काढलेली दिव्यांच्या तारांची आकृती अदबीने पाहिली आणि घडी घालून मला परत दिली. मग दिव्यांच्या बॅटरीपासून तारेवर बोट फिरवत निघाला. रंगवताना सोडवलेली तार मी जिथे मोटारीच्या लोखंडाला पुन्हा आवळली होती, तिथे थांबून तो हसला.

"बाबूजी, करंट दिव्यापर्यंत जाते, हे तुमी शिकले. वापस कुठून येते, ते काहून नाही पाह्यलं? या लोखंडातून येते. तुमी त्याचा रस्ताच रंगवून टाकला!"

त्याने तारेखालचा रंग चाकूने खरवडला, तार पुन्हा आवळली. दिवे लागले. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"काय बिघडलं होतं?" डॉक्टर आत आले.

मी कबूल करणार, तोच तो म्हणाला, "तार लोखंडावर नीट बसली नोती, सायेब. बाबूजीनंच जागा दाखवली."

मला पुष्कळांनी शिकवलं. शिकवून वर माझी अब्रू राखणारा तो एकच.