झडती दोनदा

"हात वर कर."

मी केले. शेवंतामावशीनं माझी कंबर चाचपली, पदर झटकला, अंबाड्यात बोटं खुपसून पाहिलं. मी हात खाली घेतले.

"खाली न्हाय. वरच ठेव. ही तुझी झाली. आता तिची."

मागं बायांची रांग. आधी कुणाला कळलं नाही. मग जे हसू फुटलं, ते तेरखेड्याहून थेट तुळजापूरला गेलं असेल आणि देवीनं कानावर हात ठेवले असतील. मावशीनं तीच कंबर, तोच पदर, तोच अंबाडा पुन्हा तपासला. एक अंग, दोन झडत्या.

आमचा फटाक्यांचा कारखाना. फाटकावर झडती रोजचीच. काडीपेटी, बिडी, मोबाईल आत न्यायचा नाही. बायांची झडती मावशी घेणार, गड्यांची मालक स्वतः. त्यात अपमान काही नाही. एक ठिणगी पडली तर आमचे तुकडे वेचायला कावळेसुद्धा तीन गावं हिंडतील. पहिल्या झडतीला मी कधी ना म्हटलं नाही. पण दुसरी झडती कारखान्याच्या नियमात नव्हती. ती पिक्चरमधून आली होती.

सांगते. मी थोडं फुगवून सांगते, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण जिथं फुगवायचं नाही तिथं फुगवत नाही.

माझ्या आत अजून एकजण आहे. आठ-नऊ वर्षांची पोरगी. ती येते तेव्हा वारा सुटत नाही, आरसा तडकत नाही, मागून ढोल वाजत नाहीत. मी कागदाच्या नळ्या वळायला बसते आणि एकदम दुपार होते. मधली सकाळ कुणी उचलून नेली, पत्ता नाही. पुढ्यात नळ्यांचा ढीग. डाव्या हातानं वळलेल्या. मी उजवी आहे. बस्स, एवढाच चमत्कार.

आता तुम्ही माझ्या डोळ्यांकडं बघायला लागला असाल. बघा. फिरत नाहीत ते.

सासूबाई मला आधी तुळजापूरला घेऊन गेल्या. त्यांना वाटलं, अंगात येतंय. बायांनी हळदी-कुंकू लावलं, एकजण पाया पडली. "कोण हायस माय तू? काय पायजे तुला?"

मी म्हणे बारीक आवाजात म्हणाले, "भूक लागली."

तेवढंच. बाया हिरमुसल्या. पण त्यांनी पेढा दिला. हे ध्यानात ठेवा. अंगात आलंय म्हणून पेढा मिळाला. डॉक्टरनं त्याला नाव दिलं आणि झडती सुरू झाली.

नाव दिलं सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी. नाव एवढं लांब की तेरखेड्याहून निघालेली एसटी धाराशिवला पोचेल, तरी ते संपायचं नाही. त्या म्हणाल्या, "लहानपणी एकटीला पेलवलं नाही, म्हणून मनानं ओझं वाटून घेतलं. ती तुमची वैरी नाही." काय पेलवलं नाही, ते इथं लिहिणार नाही. पिक्चरमध्ये अशा वेळी पडदा काळा-पांढरा होतो आणि सगळं उघडं करून दाखवतात. माझ्याकडं तसलं काही मिळणार नाही.

सोलापूरला जायचं म्हणजे कामाला खाडा. खाड्याचं कारण विचारलं म्हणून मालकीणबाईंना सांगितलं. एकट्या त्यांनाच. त्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझ्या पोटातच राहील गं."

खंडेनवमीला राहिलं नाही. अवजारांची पूजा झाली, चिवडा वाटला, आणि धाकट्या मालकांनी भिंतीवर चादर बांधून पिक्चर लावला. धाकटे मालक म्हणजे मालकांचे चिरंजीव, पुण्याला शिकतात. पिक्चरमध्ये एक बाई. दिवसा तुळशीला पाणी घालते, शेजाऱ्याची लेकरं सांभाळते. मग डोळे गरगरा फिरतात. असे की आमचं भुईचक्र लाजेल. आवाज घोगरा होतो आणि तीच बाई सासरचं घर पेटवते. माणसांसकट. शेवटी एक डॉक्टर तिला थोबाडीत देतो अन् ती बरी होते. माझ्या डॉक्टरीणबाईंना ही युक्ती माहीत नसावी. उगीच वर्षं घालवतायत.

धाकटे मालक म्हणाले, "ह्याला म्हणतात मल्टिपल पर्सनॅलिटी."

मालकीणबाई चिवडा चावत म्हणाल्या, "अय्या, म्हंजे आपल्याकडं बी हाय की एक!"

आणि माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. भिंतीवर घर जळत होतं आणि लोक माझं तोंड बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून झडती दोनदा. माझ्या शेजारी बसणारी रुक्मिण आधी गमतीनं विचारायची, "आज कोणती आलीय गं? चांगली का पेटवणारी?" पुढं गंमत गेली. तिनं पाट दूर सरकवला. खळीचं भांडं आमच्या दोघींत एकच होतं, तिनं वेगळं आणलं.

मालकांनी मला समोर बसवून विचारलं असतं, 'बाई, तुझं भान जातं, मग दारूजवळ बसणं बरं का?' तर तो प्रश्न खरा असता. पण तो मी मला आधीच विचारला होता. दारू भरायच्या शेडमधून मीच सांगून रिकाम्या नळ्यांच्या शेडमध्ये बदली घेतली होती. तिथं कागद आणि खळ. जळून जळून काय जळणार, माझं नशीब?

पण खरी आग पुढंच आहे. त्या पिक्चरनं माझ्याही डोक्यात संशय घातला. मी घरातली काडीपेटी फडताळावर, डब्याच्या मागं लपवायला लागले. माझ्यापासूनच. हात हुंगायची, रॉकेलचा वास येतो का बघायला. जिला चूल पेटवायचीसुद्धा भीती वाटते, कुणी काडी ओढली की जी दाराआड जाऊन उभी राहते असं घरातले हसत सांगतात, त्या पोरीवर मी पाळत ठेवली. लोक दोनदा झडती घेत होते. मी तिसरी घेत होते.

मग तो सोमवार. मी फाटकावर हात वर करून उभी. पहिली झडती झाली. धाकटे मालक गाडीतून उतरले, मोबाईल माझ्यासमोर धरला.

"काकू, एकदा बदलून दाखवा की. पाचच सेकंद. लोकांना खरं काय ते कळू दे. मी तुमच्याच बाजूनं करतोय."

माझ्या बाजूनं! कॅमेरा मात्र समोरून.

अंगात खुमखुमी आली, खोटं कशाला सांगू. केस सोडायचे, एक डोळा वर, एक खाली, एक किंकाळी. धाकटे मालक पळत सुटले असते ते कळंबच्या पुढंच थांबले असते. पण त्यांना तेच तर पाहिजे होतं. पिक्चर माझ्या घरचा, नफा त्यांचा.

मी अंबाड्याला हात लावला नाही. आणि माझा डावा हात थरथरायला लागला. वर केलेला, सगळ्यांना दिसणारा. ती घाबरली होती.

"आली! आली!" धाकटे मालक हसले. मोबाईल जवळ आणला.

एक लहान पोरगी भीतीनं कापत होती आणि एक शिकलेला माणूस तिचं शूटिंग करत होता. आणि मी इतके दिवस तिच्यावरच संशय घेत होते. माझी मलाच शिसारी आली. मग ती शिसारी जिथं जायला पाहिजे तिथं गेली.

मी दोन्ही हात खाली घेतले.

"वर," मावशी म्हणाली. "तिची राहिली."

"न्हाय. झाली तेवढी झाली."

मालक पुढं आले. "काय चाललंय?"

"मालक, गड्यांची झडती तुमी घेता. ह्यांची घ्या." मी धाकट्यांकडं बोट केलं.

"तो घरचा माणूस हाय."

"मोबाईल तर हातातच हाय त्यांच्या. खिशात काय हाय ते बघा."

धाकट्यांचा हात खिशावर गेला. आपोआप. अख्ख्या रांगेनं पाहिलं. मालकांनीही पाहिलं.

"लायटर हाय का रं?"

मालकांनी झडती घेतली नाही. आवाजही चढवला नाही. "गाडीत ठेवून ये," म्हणाले, शाळेत लेकराला दप्तर ठेवायला सांगावं तसं. मग माझ्याकडं वळले.

"आन् तू घरी जा. आजपासनं येऊ नको."

लायटर गाडीत. मी घरी. पिक्चर इथं संपतो म्हणे.

मी गेले नाही. फाटकासमोरच्या दगडावर बसून राहिले. रुक्मिण आत जाताना थांबली, मग गेली. तिचं मला आश्चर्य वाटलं नाही. तिलाही घर आहे.

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन काडीपेटी फडताळावरून काढली आणि चुलीजवळ ठेवली, होती तिथं. आता रोज सकाळी डबा घेऊन फाटकावर येते. रांगेत उभी राहते. माझी पाळी आली की हात वर करते. मावशी मालकांच्या खोलीकडं बघते. कधी चाचपते, कधी नुसतंच "बाजूला व्हय" म्हणते. अजून आत घेतलेलं नाही. घेतील, न घेतील. पुन्हा कुणी मोबाईल रोखला तर तोंड मी पुढं करीन, तिला मागं ठेवीन.

झडती एकदाच होणार. आत माणसं किती का असेनात, हात दोनच आहेत. एकदा वर जातील. मग खाली.