अप्पन्नाले मायपाशी नेलं तेव्हा

खरं सांगते, काही लपवून न ठेवता सांगते, त्या दिवसांत माझं वंदनेत मन लागत नव्हतं. संध्याकाळी बाबा मेणबत्ती लावायचे, आत्या आणि मी मागे बसायचो, त्रिशरण म्हणायचो, आणि माझे नुसते ओठ हलायचे. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होती. घरातले देव नदीत सोडले, बरं झालं, त्याचं मले दुःख नाही. पण एक गोष्ट कोणी समजावून दिली नव्हती. आधी घरात काही झालं की आत्या देवीले म्हणायची, बाई, लेकराले सांभाळ. आता म्हणायचं कोणाले? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, कोणालेच म्हणायचं नाही, आपण नीट वागायचं. बरोबर आहे. पण जो नीट वागला नाही त्यानं कुठे जायचं? मी नीट वागली नव्हती. त्याचीच ही गोष्ट आहे. एका बैठकीत लिहून काढून राहिली आहे, कावून की मध्ये थांबली तर हिंमत जाईल.

तेव्हा भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता. जिकडे पाहा तिकडे माती, गर्डर, क्रेन आणि देशभरातून आलेली माणसं. बाबा एका ठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. माय मी लहान असतानाच गेली, म्हणून बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, आमच्यासोबत कामगारांच्या कॅम्पात राहायची. आणि मी ऑफिसात टाइपिस्ट! माझी बोटं इतकी पळायची की हेडक्लर्क म्हणायचे, "बेटी, मशीन को साँस तो लेने दे."

आमच्या शेजारच्या झोपडीत अप्पन्ना राहायचा. तो रिगर होता, म्हणजे उंचावर दोर बांधून लोखंड चढवणारा. विशाखापट्टणमजवळ समुद्रकाठच्या भीमुनिपट्टणमचा, कोळ्याच्या घरचा. त्याच्या गाठी कधी सुटत नाहीत असं सारे म्हणायचे. जेवाले आमच्याकडे. आत्याले तो अक्का म्हणायचा, आणि आत्या त्याले म्हणायची, "अबे माकडा, जमिनीवर बसून जेवत जा कधी, उंचावरून उतरल्यासारखा घाईत जेवतोस!" दर महिन्याले तो माझ्याकडून मायले पत्र लिहून घ्यायचा. मले तेलुगू येत नव्हती. मी इंग्रजीत टाइप करायची आणि तिकडे शाळेचे मास्तर ते वाचून मायले सांगायचे.

पावसाळा सरता सरता त्याले ताप आला. तिसऱ्या दिवशी तो मले म्हणाला, "बहन, अम्मा को लिखो. बुखार है, बोलो. डरने का नई, बोलो." मी म्हटलं, उद्या लिहिते. ऑफिसात फार काम आहे. काम नव्हतं. मी मैत्रिणींसोबत जवळच्या दुर्ग गावाले सिनेमा पाहाले गेली होती. उद्या आला तेव्हा अप्पन्नाले शुद्ध नव्हती. आत्या रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत राहिली, डॉक्टर आले, सुया झाल्या. सातव्या दिवशी तो गेला.

शिवनाथ नदीच्या काठी बाबांनी आणि त्याच्या गँगच्या लोकांनी त्याले जाळलं. आत्यानं अस्थी वनस्पती तुपाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, झाकण घट्ट लावलं, वरून पांढरं फडकं बांधलं. बाबा म्हणाले, "अशी बातमी पोस्टानं जात नाही. माणसानं जाऊन सांगावं लागते." आत्यानं विचारलं, "आपल्यात बसते का बे हे? अस्थी न् बिस्थी?" बाबांनी फडक्याची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाले, "आपल्यात नाही बसत, बाई. त्याच्या मायच्यात बसते. आणि पोरगं तिचं हाये."

महिन्याभरानं बाबांचा ट्रक विशाखापट्टणमच्या बंदरावरून पेट्या आणाले निघाला. ठेकेदाराच्या माणसाले विचारून आम्ही दोघी केबिनमध्ये बसलो. कांकेर, केशकालचा घाट, जगदलपूर, कोरापूटचे डोंगर, सालूर, विजयनगरम. मी कधी रायपूरच्या पुढे गेली नव्हती! एरवी मी खिडकीतून डोकं बाहेर काढून गाणी म्हटली असती. पण डबा आत्याच्या मांडीवर होता आणि माझ्या मनातून ते न लिहिलेलं पत्र जात नव्हतं. घाटात वळण आलं की आत्या ओरडायची, "हळू चालव ना बे! लोखंड भरून नेऊन राहिला का? पोरगं हाये मांडीवर." बाबा समोर पाहत म्हणायचे, "बाई, त्याले मी क्रेनच्या टोकावर बिडी पिताना पाहिलं हाये. तो वळणाले भेत नाही, तूच भेतेस." त्या दिवशी मी सिनेमाले गेली होती, हे मले त्यांना सांगायचं होतं. दर मुक्कामाले वाटायचं, पुढच्या मुक्कामाले सांगीन.

तिसऱ्या दिवशी दुपारी भीमुनिपट्टणम आलं. इतकं जुनं गाव मी पाहिलं नव्हतं. कौलारू घरं, टेकडीवर देऊळ, पांढरा दीपस्तंभ, आणि रस्त्याच्या कडेले हॉलंडच्या व्यापाऱ्यांच्या कबरी, दगडी, टोकदार, कोण जाणे किती वर्षांच्या. काहींवर अक्षरं कोरलेली. ट्रक हळू झाला तेव्हा मी त्या पाहत राहिली आणि मनात आलं, यांच्या आयांना कोणी जाऊन सांगितलं असेल का? की त्या वाट पाहतच राहिल्या?

कोळीवाड्यात विचारत विचारत गेलो. आमाले त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आमची नाही. "अप्पन्ना, अप्पन्ना" म्हटलं तर एका म्हातारीनं एक कुलूप लावलेलं झोपडं दाखवलं आणि समुद्राकडे हात केला. शाळेत गेलो तर मास्तर वर्गात होते, चार वाजता सुटणार. बाबा म्हणाले, "चला, तोवर समुद्रावर थांबू."

आणि तिथे आमच्या हातून ती चूक झाली. आमी नदीकाठची माणसं. आमच्या गावची वैनगंगा पुरात वाढते, एरवी जिथे आहे तिथेच राहते. समुद्र रोज चालत वर येतो हे आमाले कोणी सांगितलंच नव्हतं! आत्याले डबा कोरड्या वाळूत ठेवायचा नव्हता, तिथे माशांचे काटे पडले होते, कुत्री फिरून राहिली होती. पुढे पाण्याजवळ वाळू कशी गुळगुळीत, स्वच्छ, आताच सारवलेल्या अंगणासारखी. आत्यानं तिथेच डबा ठेवला, हात जोडले, आणि आम्ही तिघं थोडं बाजूले होऊन तोंड धुवाले लागलो. खारं पाणी तोंडात गेलं म्हणून आत्या थू थू करून राहिली होती आणि मी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. वळून पाहिलं तर जागा रिकामी.

डबा लाटेवर होता. पांढरं फडकं वर दिसे, खाली जाई. बाबा कपड्यांसकट धावले. त्यांना पोहता येत नाही. दुसऱ्याच लाटेनं त्यांना आडवं केलं, आत्यानं कॉलर धरून ओढलं आणि ओरडली, "अबे, तू पण जातोस का? मी कोणाकोणाले नेऊ?" डबा लाटांच्या पलीकडे गेला. लहान होत गेला.

मी जागची हलली नाही. मले काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आधी पत्र घालवलं, आता तोही घालवला. त्याच्या मायले सांगाले आपल्याजवळ काही उरलं नाही. देवीले हाक मारावी असं तोंडावर आलं होतं, पण ते आता माझ्यात नव्हतं. बहाणा करावा असं कोणी समोर नव्हतं. मी नुसती उभी होती, आणि माझ्या तोंडून त्रिशरण निघालं. मोठ्यानं. मी काही मागितलं नाही, मागाले काही सुचलंच नाही. घरी रोज म्हणायची तेच शब्द, पण पहिल्यांदा ते माझे मले ऐकू आले.

दूर डाव्या हाताले पाच-सहा बाया कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या, जाळं ओढून राहिल्या होत्या. त्यातली एक, पन्नाशीची, काटकुळी, काष्टा घातलेली, तिनं जाळं सोडलं आणि ती सरळ आत गेली. छातीइतकं, गळ्याइतकं पाणी. एक लाट तिच्या डोक्यावरून गेली, ती दिसेनाशी झाली. मग दिसली तेव्हा डबा तिच्या काखेत होता.

ती बाहेर आली ती हसतच! आमच्याकडे पाहून काहीतरी बोलली, बाकीच्या बाया खदाखदा हसल्या. तिनं टाचेनं वाळूवर रेघ ओढली, पाण्याकडे बोट, रेघेकडे बोट, मग आत्याच्या डोक्यावर हलकी टपली. म्हणजे इतकं वर येतं ते, वेडे! भिजलेल्या बाबांकडे पाहून तर तिले हसू आवरेना. पदरानं डबा पुसला आणि लेकराले घेतात तसा कडेवर घेतला. मग ट्रककडे बोट करून विचारलं, "ए ऊरु?" कोणतं गाव, असं विचारत असावी, असा बाबांना अंदाज आला. ते म्हणाले, "भिलाई."

तिचा चेहरा असा उजळला! "भिलाई? मा अप्पन्ना! मा अप्पन्ना!" तिनं माझी हनुवटी धरली, तिचा हात गार, मिठानं फाटलेला. "बागुन्नाडा? अप्पन्ना बागुन्नाडा?" हे कळाले भाषा कशाले पाहिजे. बरा आहे का माझा अप्पन्ना, असंच ती विचारून राहिली होती. आणि तो तिच्या कडेवर होता.

बाबांनी तोंड फिरवलं. आत्या खाली बसली. मी मनात म्हटलं, चार वाजता मास्तर येतील, ते सांगतील. त्यांना भाषा येते, ते नीट सांगतील. आणि मग मले कळलं की हे मी दुसऱ्यांदा करून राहिली आहे. तेच, जसंच्या तसं.

मी पुढे झाली. दोन्ही हात डब्यावर ठेवले, आणि कपाळ डब्याले टेकवलं. आणि तसंच राहू दिलं. वर पाहायची हिंमत नव्हती. तिचा श्वास माझ्या केसांवर लागून राहिला होता. तो थांबला. ती हळूच ओल्या वाळूत बसली, डबा मांडीवर घेतला, फडकं सोडलं नाही, नुसतं त्यावरून बोटं फिरवत राहिली. बाकीच्या बाया धावत आल्या, रडाले लागल्या. ती रडली नाही. ती एकच शब्द म्हणत होती, "वच्चाडु. वच्चाडु." पाणी आमच्या पायांवरून येऊन जात होतं. मी तिच्याजवळ बसून राहिली.

त्याचा अर्थ मास्तरांनी नंतर सांगितला. ती म्हणत होती, आला. आला.

मास्तर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, सिनेमासकट. बाबा आणि आत्यासमोर. मास्तर हिंदीत म्हणाले, "ये उनको मत बोलो, बेटी. क्या फायदा?" मी म्हटलं, बोला. त्यांनी खाली मान घालून सांगितलं. मायनं पूर्ण ऐकलं. मग एवढंच विचारलं की तहान लागली तेव्हा त्याले पाणी कोणी दिलं. मी आत्याकडे बोट दाखवलं. तिनं आत्याचा उजवा हात घेतला आणि आपल्या दोन्ही डोळ्यांवर ठेवला, आणि तेव्हा कुठे रडली. दोघी किती वेळ तशाच बसल्या होत्या.

शेजारच्यांनी भात आणि माशाचं कालवण आणलं. मी ताटाले हात लावला नाही. मायनं ताट माझ्याकडे सरकवलं आणि काही म्हटलं. मास्तर म्हणाले, "कहती है, चिट्ठी आती तो भी मैं यहीं होती. खा ले." त्या बोलण्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. मी जेवली.

सकाळी पाणी खाली गेलं तेव्हा ती नातलगांसोबत डबा घेऊन आत गेली. असल्या विधीत कधी न उभे राहणारे बाबा तिच्या बाजूले कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, तिचा दंड धरून. त्यांना पोहता येत नाही, हे तिले आदल्या दिवशीच कळलं होतं. तिनंच त्यांचा हात घट्ट धरला होता. परत आली, पदर पिळला. तेवढ्यात होड्या लागल्या. तिनं टोपली उचलली आणि मासे घ्याले निघाली, रोजच्यासारखी. आमच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली, आणि गेली.

परत येताना बाबा म्हणाले, "त्या पाण्यात ती रोज उभी असते, म्हणून तीच होती. यात चमत्कार नाही." मी वाद घालत नाही. असंच असेल. मी ते जसं झालं तसं लिहिलं.

पण वंदनेत आता माझे नुसते ओठ हलत नाहीत. शरण जाणं म्हणजे कोणापुढे हात पसरणं असं मले वाटायचं, म्हणून कोणापुढे ते कळत नव्हतं. त्या काठावर मले कळलं ते एवढंच, की माझ्या हातून जे सुटलं ते सुटलं, हे कबूल करायचं आणि तिथून पळायचं नाही. मी उभी राहिली, आणि मी पाण्यात गेली नसतानाही अप्पन्ना मायच्या कुशीत पोचला. कोणाचे उपकार मानू? मी त्या माऊलीचं नावसुद्धा विचारलं नाही. रोज संध्याकाळी हात जोडते तेव्हा गळ्याइतक्या पाण्यात कोणाचं काय आहे ते न विचारता पुढे झालेले ते दोन हात मले दिसतात, आणि माझं डोकं आपोआप खाली जाते.