गालिचे धुणारा ऑगस्टीन

वसईजवळच्या गिरीजचा ऑगस्टीन तुस्कानो मुंबईला जहाज कंपनीच्या हापिसात आहे, असं सगळं गाव एकोणीस वर्षं धरून चाललं होतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत चामड्याची बॅग मारून तो निघायचा. बॅगेत जेवणाचा डबा असायचा आणि एक जुनी चड्डी. माझगावला एका पत्र्याच्या शेडमध्ये पोचला की शर्ट खुंटीला टांगून तो ती चड्डी चढवायचा आणि संध्याकाळपर्यंत लोकांचे गालिचे धुवायचा.

मुळात त्याला फसवायचं नव्हतं. चौसष्ट साली जहाज कंपनीत चिकटवतो म्हणून ओळखीच्या एकाने त्याला मुंबईला नेलं होतं. ती जागा दुसऱ्यालाच मिळाली. ऑगस्टीनने घरी मात्र जागा मिळाल्याचं आधीच कळवून टाकलं होतं. दोन महिने या धुलाईच्या शेडमध्ये काढू, मग बघू, असं त्याने ठरवलं. तेवढ्यात बर्थाचं स्थळ आलं. तिचे वडील शाळामास्तर. जावई हापिसात आहे एवढ्यावर त्यांनी मुलगी दिली. लग्न लागल्यावर खरं सांगायची वाटच बंद झाली.

कामाला त्याचा हात फार चांगला होता. गालिचा उलटा टाकून बांबूने झोडपायचा, म्हणजे लवेत बसलेली रेती खाली झडते. ओला करायच्या आधी पांढरं ओलं फडकं प्रत्येक रंगावर दाबून बघायचा. फडक्याला रंग लागला की समजायचं, हा गालिचा रडणार, म्हणजे रंग सोडणार. मग साबण बेताचा, पाणी थंड, ब्रश लवेच्या दिशेने. वाळवायचा तो सावलीत, सपाट. मालक अवघड माल त्याच्याच हातात द्यायचे. सोड्याने बोटं चिरायची. बर्थाने विचारलं तर म्हणायचा, "हापिसातल्या जुन्या कागदांची धूळ बाधते."

ब्याऐंशीच्या नाताळात शेजारच्या इझाबेलबायच्या मुलाने, पीटरने बहरीनहून एक लोकरी गालिचा आणला. गडद लाल, मधोमध पांढरी फुलं. गावात असा गालिचा पहिलाच. लोक चपला बाहेर काढून बघून जायचे. ऑगस्टीनही गेला. सवयीने त्याने वाकून कोपरा उलटला, गाठी बघितल्या, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून चटकन सरळ उभा राहिला.

पुढच्या मे महिन्यात इझाबेलबायच्या नातीचं पहिलं कम्युनिअन झालं. शनिवारी संध्याकाळच्या जेवणात कुणाच्या तरी हातून इंद्यालाचं, आंबट-तिखट लाल रश्शाच्या मटणाचं, ताट गालिच्यावर उपडं झालं. सोमवारी सुनेच्या माहेरची माणसं यायची होती. म्हणून रविवारी सकाळीच इझाबेलबायने डेल्फिनला बोलावलं.

डेल्फिन विधवा. चार घरची धुणी करून दोन मुलींना वाढवत होती. "चांगला घासून काढ," एवढंच तिला सांगितलं होतं. तिने गालिचा वाडीतल्या तळ्यावर, बावखलावर नेला, वर गरम पाणी ओतलं, धुण्याचा सोडा टाकला आणि चादर धोपटावी तसा धोपटला. इंद्यालाचा डाग गेला. पण लाल रंग सुटला आणि पांढऱ्या फुलांत पसरत चालला.

ऑगस्टीन चर्चमधून, मिसाहून परतत होता. बावखलावर माणसं जमलेली पाहून थांबला. डेल्फिन कोपरापर्यंत लाल झालेले हात पुढे धरून नुसती उभी होती. इझाबेलबाय तोंडाला येईल ते बोलत होती.

एका नजरेत ऑगस्टीनच्या लक्षात आलं, की गालिचा अजून वाचतो. रंग ओला आहे तोवर थंड पाण्याचा मारा करायचा, त्यात शिरका, म्हणजे व्हिनेगर, घालायचा, पांढऱ्या फडक्यांनी टिपत राहायचं. दोन तासांचं काम. शिरका तर इझाबेलबायच्याच स्वयंपाकघरात बरणीभर होता. त्याशिवाय इंद्याल कसलं.

इझाबेलबायची नजर त्याच्यावर गेली. "ऑगस्टीन, तू शहरात असतोस. तुमच्या साहेबाच्या खोलीत असले गालिचे असतील. काय करतात रे अशा वेळी?"

डेल्फिननेही वर बघितलं.

"मला काय ठाऊक, बाय," ऑगस्टीन म्हणाला. "आम्ही कागदावरची माणसं."

आणि तो घरी गेला. जेवायला बसला. खिडकीतून त्याला दिसत होतं: गालिचा भर उन्हात दोरीवर दुमडून टाकला होता. म्हणजे उरलेलंही वाया जाणार. तरी तो उठला नाही.

डेल्फिनची धुणी एकेक करून सुटली. तिच्या हाताने रंग जातो, असं बायका म्हणू लागल्या. पावसाळ्याआधीच चारही घरं बंद झाली. मग ती वालीवला एका छोट्या कारखान्यात डबे भरायला जाऊ लागली. पहाटे धाकटीला शेजारी झोपलेलीच सोडून चालत निघायची. ऑगस्टीनला ती रस्त्यात भेटायची. हापिसाचा माणूस म्हणून बाजूला होऊन त्याला वाट द्यायची. हे त्याला सोसवेना. तो पलीकडच्या पायवाटेने जाऊ लागला.

पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात तो कुमसाराला, फादरकडे पापं कबूल करायला गेला. सगळं ऐकून फादरनी एवढंच विचारलं, "हे मला सांगून तिला काय मिळणार?"

त्याने आधी बर्थाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडून झाल्यावर तिने टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, "पप्पा मरेपर्यंत लोकांना सांगायचे, माझा जावई खुर्चीवर बसतो. मीही सांगायचे." आणि आत निघून गेली.

रविवारी तो डेल्फिनच्या दारात गेला. तिने स्टूल दिलं. तो उभ्यानेच बोलला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," डेल्फिन म्हणाली.

"होतं."

"मी तुझ्याकडे बघितलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"लाज वाटली. गालिचे धुतो हे लोकांना कळेल म्हणून."

"मी लग्नाआधीपासून लोकांचं धुते आहे, ऑगस्टीन. त्याची लाज वाटते हे तू माझ्याच दारात येऊन सांगतोस."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मला सांगून काय करू मी," ती म्हणाली. "इझाबेलबायच्या ओट्यावर जाऊन सांग. बायका असतील तेव्हा."

तो गेला. इझाबेलबायच्या ओट्यावर चौघीजणी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्याने सांगितलं. एकीला हसू आवरेना, तिने पदर तोंडाला लावला. मग त्याने माळ्यावर टाकलेला गालिचा मागून घेतला आणि त्यांच्याच अंगणात, चड्डी घालून, सगळ्यांदेखत धुवायला बसला. एकोणीस वर्षं लपवलेले उघडे पाय, चिरलेले हात, सगळं गाव बघत होतं. त्याची मान वर झाली नाही.

दोन रविवार तो त्या गालिच्याशी झटला. लाली पातळ झाली, पण फुलं काही पांढरी झाली नाहीत.

"एवढंच निघतं का?" इझाबेलबायने विचारलं.

"आता एवढंच. त्या दिवशी केलं असतं तर सगळं निघालं असतं. डेल्फिनची चूक सुधारण्यासारखी होती. माझ्यामुळे राहिली."

इझाबेलबाय डेल्फिनला परत बोलवायला गेली. डेल्फिन आली नाही.

आखातातून गालिचे येत राहिले. सत्त्याऐंशी साली माझगावची शेड बंद पडली, तेव्हा ऑगस्टीनने आपल्याच वाडीत मांडव घालून धुलाई सुरू केली. वसईपासून विरारपर्यंतचे गालिचे येऊ लागले. लोक मानाने बोलायचे, पण कुणी 'गालिचेवाले' म्हणून हाक मारली की त्याचा हात क्षणभर थांबायचा. एकट्याने काम आटपेना, तेव्हा तो पुन्हा डेल्फिनकडे गेला. माझ्याबरोबर काम कर, सगळं शिकवतो, म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "कारखान्यात मला आता डब्यांवर नजर ठेवायला बसवलंय. बसून काम असतं. आणि तुझ्याशेजारी बसून धुवायचं म्हणजे मला रोज ते आठवणार."

ऑगस्टीन बरं म्हणून निघाला. वाटेत त्याला हलकं वाटलं, कारण आठवण तर त्यालाही रोज झाली असती. आणि आपल्याला हलकं वाटलं, याचीच त्याला घरी पोचेपर्यंत लाज वाटत राहिली. हे मात्र त्याने लपवलं नाही, बर्थाला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ताट वाढलं.