बोर्डावरची सात नावं

"हात नाकाशी ने," सेक्रेटरी म्हणाला. "घे वास. आता तूच सांग."

मी नेले. दोन्ही हात नेले. वास फिनेलचा होता, आणि थोडा साबणाचा. बाकी काही नाही.

"येतो ना मासळीचा?"

"येतो, साहेब," मी म्हणाले.

हे आधी सांगून टाकते. नंतरचं सांगताना माणूस स्वतःला शूर करून घेतो. मी शूर नव्हते. मी घाबरले आणि नसलेल्या वासाला हो म्हणाले. त्या 'हो'ची लाज मला कामावरून काढून टाकल्यापेक्षा जास्त वाटते, आजही.

वसईतला सभासदांचा क्लब. स्विमिंग पूलच्या बाजूला बायकांची कपडे बदलायची खोली. अकरा वर्षं मी तिथे होते. टॉवेल द्यायचे, ओले उचलायचे, धुऊन घड्या घालायच्या, लादी पुसायची. मी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. आई बंदरावर म्हावरं विकते, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या रविवारी एक सभासद बाई म्हणाली, टॉवेलला मासळीचा वास येतो. शेजारच्या हॉलमध्ये कमिटीची मीटिंग चालली होती. सातही जण उठून आले. मी घातलेल्या घड्या एकेकाने उचलल्या, नाकाला लावल्या, खाली टाकल्या. ओल्या केसांच्या बायका भिंतीला टेकून बघत होत्या. मी मधे उभी.

सातव्या होत्या आमच्या बाई. शाळेत आठवीला त्या मला होत्या. क्लबातली नोकरी त्यांच्याच शब्दावर लागलेली. त्यांनीही टॉवेल उचलला, हुंगला. पण खाली टाकला नाही. नीट घडी घालून परत ठेवला आणि पूलकडे बघत राहिल्या. सेक्रेटरीने माझ्या हातात साबणाची नवी वडी ठेवली आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. कोणीतरी हसलं.

घरी आले. आईने सगळं ऐकून घेतलं.

"कसला वास गं?" ती म्हणाली. "बंदी चालू हाय. होड्या वर काढून महिना झाला. म्हावरं हाताला लागलंय का आपल्या? पानी पी आधी."

खरंच की. जुलै चालू होता, पावसाळ्यातली मासेमारी बंद. बंदरावर चिटपाखरू नव्हतं, होड्या ताडपत्रीखाली. आणि क्लबातलं टॉवेल सुकवायचं मशीन पंधरा दिवस बंद होतं, ते मीच दोनदा जाऊन सांगितलं होतं. टॉवेल दमट राहत होते. वास त्याचा होता. मला हे तिथे, त्या क्षणी सुचू नये? ज्या घरात जन्मले त्या घराचा वास मी स्वतःच स्वतःला लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी गेटवर गेले. मला कामावर परत घ्या, एवढंच मागायचं होतं. सेक्रेटरी म्हणाला, मी मानद आहे, फुकट राबतो, मी कोण तुला काढणार, कमिटीने ठरवलं. अध्यक्ष म्हणाले, सभासदांची तक्रार होती. सभासद म्हणाले, आम्ही नुसते पोहायला येतो गं, कमिटीला विचार. सगळे गोड बोलायचे. एकाने तर समजावलं, क्लबला मालक नसतो, इथे आपण सगळे एक कुटुंब. कुटुंब! त्या कुटुंबाने मला चहासुद्धा वेगळ्या कपात दिला अकरा वर्षं, आणि मी तो प्यायले.

वालीवला एका पॅकिंगच्या गाळ्यात काम बघितलं. आधी कुठे होतीस, विचारलं. सांगितलं. त्यांनी समोरच फोन लावला. क्लबातून उत्तर आलं, अशी कोणी बाई आमच्याकडे नव्हती.

मग लेबर ऑफिसला अर्ज केला. क्लबच्या नावाने. सुनावणीला क्लबचा वकील उठला आणि शांतपणे म्हणाला, या नावाची संस्था कुठे नोंदलेलीच नाही. कायद्याने ही व्यक्ती नाही, कंपनी नाही. जिच्यावर अर्ज आहे ती अस्तित्वातच नाही. मी बाहेर आले आणि जिन्यातच बसले. अकरा वर्षं मी कोणाची नोकरी केली? कोणाचे टॉवेल धुतले? काढलं तर कोणी काढलं? त्या दिवसांत मला जीव नकोसा झाला होता. संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसायचे आणि आई मागे येऊन उभी राहायची. 

युनियनच्या ऑफिसात एक वकील मॅडम भेटल्या. त्यांनी मला पहिल्यांदा सरळ सांगितलं. क्लब माणूस नसेल, पण तुला काढायचं ठरवणारी माणसंच होती ना? त्या दिवशी कमिटीवर जे होते, ते सगळे, स्वतःसाठी आणि सभासदांच्या वतीने. त्यांना पार्टी करायचं, म्हणजे अर्जात समोरचा पक्ष म्हणून त्यांचीच नावं घालायची. पण त्या दिवसाची नावं हवीत, आणि क्लब यादी देत नाही. हॉलमधला कमिटीच्या नावांचा बोर्डही रंगवायला म्हणून उतरवलाय.

मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं. अहो, तो बोर्ड दर शनिवारी स्टुलावर चढून मीच पुसायचे. सोनेरी अक्षरं, वरून खाली. एकेका नावावर फडकं फिरवलंय. मी सांगत गेले, मॅडम लिहीत गेल्या. अध्यक्ष. उपाध्यक्ष. सेक्रेटरी. खजिनदार. दोन सभासद. सहा झाली. सातवं बाईंचं.

बाईंना वगळता येईल का, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, येईल. पण उद्या ते सहा म्हणतील, निर्णय सातांचा होता, सातवी कुठाय? ठरव तू.

मी दोन दिवस मागून घेतले. कोणाकडून कळलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आमच्या दारात. गिरीजच्या त्यांच्या वाडीतली केळी घेऊन. ओट्यावर बसल्या. आमच्या घरचं पाणी प्यायल्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला बोलू.

"मी तर एक शब्दही बोलले नाही गं," बाई म्हणाल्या. "तो दमट वास होता, मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांना वाटलं असेल, हे ऐकून मी निवळेन.  त्यांना कळलं होतं! त्या खोलीत खरं एकट्या त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी घडी घातली.

"हो बाई," मी म्हणाले. "तेच लिहिणार आहे."

त्या उठल्या. केळी राहिली, ती आईने आळीत वाटून टाकली.

सातवं नाव मी मॅडमना लिहू दिलं नाही. स्वतः लिहिलं, बाईंनी आठवीत घटवून घेतलेल्या अक्षरात. खाली आणखी एक ओळ लिहायला लावली. सेक्रेटरीने विचारल्यावर मी हो म्हणाले, ते खोटं होतं. मॅडम म्हणाल्या, हे कशाला, उलटतपासणीत तुलाच धरतील. म्हटलं, धरू देत.

तारीख लागली आहे. सातही जणांना समोर यावं लागेल. त्यांचा वकील विचारेल, हाताला वास येत होता का? विचारू दे. परत हात नाकाशी न्यायची मला गरज नाही. मी नाही म्हणणार आहे.