बाईंचा जंतू आणि रविवारची लेझीम

माझ्या आत्याला सगळं कोथरूड ‘बाई’ म्हणतं. निम्म्या कोथरूडला तिने शाळेत लेझीम शिकवली म्हणून, आणि उरलेलं निम्मं भीतीने.

गेल्या वर्षी तिचं पित्ताशय काढलं. ते मुकाट निघालं, पण ऑपरेशनसाठी घातलेल्या लघवीच्या नळीवाटे एक जंतू आत शिरला आणि आत्याला असा ताप चढला की कपाळावर घावन सुटलं असतं. त्यात रविवारी तिच्या जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा! शाळेच्या मैदानावर लेझीम, आणि शिट्टी आत्याचीच.

“मी नसले तर या मुली पहिल्याच ठेक्याला वाकड्या जातील,” ती तापात पुटपुटत होती. मुली म्हणजे पासष्टीच्या आज्या.

शेजारचे काका स्टीलचा डबा घेऊन हॉस्पिटलात भेटायला आले. मला वाटलं, मऊ भात असेल. उघडला तर गोळ्या! काका दोन दिवस अँटिबायोटिक घेतात आणि बरं वाटलं की उरलेल्या डब्यात टाकतात. त्या डब्यावर आमच्या सोसायटीच्या तीन विंगा जगतात.

“बाई, ही पांढरी घ्या. जंतू पळत सुटतो तो थेट स्वारगेटला थांबतो.”

“आणि तिथून बस पकडून परत येतो,” आत्या म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन आल्या. कुठल्या औषधाने हा जंतू मरतो, ते त्यात होतं. आत्याने चष्मा मागवला आणि वर्गात निकाल वाचावा तसा वाचला. “नापास... नापास... हेही नापास. अहो काका, तुमची पांढरी पण नापास!”

काकांचा चेहरा असा उतरला, जणू सख्खा नातूच दहावीला नापास झाला होता.

“अर्धवट गोळ्यांतून वाचलेले जंतूच पुढे शिरजोर होतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण आजी, एक जुनी गोळी अजून लागू पडतेय. तुमची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, म्हणून देता येईल. खाऊन घ्यायची. लघवी गडद झाली तर घाबरू नका. आणि ताप गेला तरी कोर्स पूर्ण करायचा.”

“जुनी म्हणजे केवढी?”

“माझ्या जन्माआधीची.”

“म्हणजे माझ्या बॅचची!” आत्याची कळी खुलली.

ताप उतरला. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, हे आत्याने भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, चहा पीत असतानाच, सांगितलं. शनिवारी घरी सोडलं.

रविवारी ती मैदानात खुर्ची टाकून बसली आणि शिट्टी फुंकली. लेझमींचा खणखणाट असा उठला की पार पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावातला ऊस ठेक्यावर डोलला म्हणतात. ऐन रंगात पुन्हा शिट्टी! सगळ्या आज्या एक पाय वर घेऊन जागच्या जागी थिजल्या.

“काय चुकलं, बाई?”

“काही नाही. माझ्या गोळीची वेळ झाली.”

काका धावत आले. हातात तोच स्टीलचा डबा. आत्याने भुवई उंचावली. त्यांनी झाकण काढलं. आत मऊ भात, वर तूप.

“घासलात ना नीट?”

“दोनदा, बाई.”

“आणि गोळ्या?”

“औषधांच्या दुकानात नेऊन दिल्या. म्हटलं, विल्हेवाट लावा.”

आत्याने सावकाश चार घास खाल्ले, गोळी गिळली, तोंड पुसलं. आज्यांचे पाय अजून वरच होते.

मग तिने शिट्टी ओठांत धरली.