रबराला माया नसते

“माका इचारतंस तर नको. मगे तुका राग इलो तरी चलात.”

विमलाने मान वर न करता सांगितले आणि दोऱ्याचे टोक दातांनी तोडले. समोरच्या बाकड्यावर हरमलचा प्रथमेश बसला होता. किनाऱ्यावर तो पर्यटकांना सर्फिंग शिकवतो. पाण्यात घालायचे रबरी सूट फाटले की गोणीत कोंबून, स्कूटरला बांधून धारगळला आणतो. हायवेला लागून विमलाचे शिवणाचे दुकान. पाटीवर ब्लाउज, फॉल, पिको एवढेच रंगवलेले, पण रबर सांधणारी बाई म्हणून तिचे नाव किनाऱ्यापर्यंत पोचले आहे. त्या सुटांना आमच्याकडे कोणी सूट म्हणत नाही. कातडी म्हणतात. “काकी, दोन कातडी सोलवटली,” असा निरोप आला की विमलाने समजायचे.

प्रथमेश हसला. “कातड्यांवर पोट भरतंस आणि कातड्यांकच नको म्हणतंस?”

“मी फाटलेला सांधतंय. कोणाचा पेवणा माका शिवूक येणा नाय.”

पेवणे म्हणजे पोहणे, आणि बोलणे चालले होते ते डिचोलीकडच्या एका क्लबच्या पोहण्याच्या तलावावरून. उघड्यावरचा तलाव, भोवती झाडे, थंडीच्या दिवसांत सकाळचे पाणी हाडांत शिरते. पोरे कुडकुडतात म्हणून यंदा काही आईबापांनी टूम काढली होती, की बाहेरच्या स्पर्धांत कातडी चालत नाहीत ते राहू दे, पण क्लबच्या घरच्या शर्यतीत तरी चालू द्यावीत. रविवारी त्यावर बैठक. प्रथमेशची भाची तिथे पोहते, म्हणून तो या आईबापांच्या बाजूचा. विमलाने बैठकीला येऊन दोन शब्द बोलावेत, एवढ्यासाठी तो आज फाटक्या सुटांच्या गोणीसोबत बसून राहिला होता. तिचे ऐकतील, असे त्याला वाटत होते, कारण तिच्या पोरीचे, गौरवीचे, काय झाले ते त्या तलावावरच्या सगळ्यांनी पाहिले होते.

“कातडा चलूक लागला तर गौरवी परत पेवूक लागात, काकी,” तो म्हणाला.

त्यावर मात्र विमलाची सुई थांबली.

विमलाचे माहेर कारापूर. शिवण ती तिथेच शिकली, आणि लग्न होऊन धारगळला आली ती मशीन घेऊनच. पहिले कातडे तिच्याकडे आले तेव्हा तिने ते परकराला घालावी तशी टीप घालून दिले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत. सुईच्या भोकाभोकांतून पाणी आत येत होते. मग विमलाने कान धरला आणि ती स्वतःच शिकली. कडेला कड भिडवायची, पंक्चरवाल्याकडचे सोल्युशन लावायचे, ते चिकट झाले की दाबायचे, आणि वरून हाताने टाका घालायचा तो रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंतच. सुई पलीकडे निघता कामा नये.

या कामात तिला एकच गोष्ट खटकायची. कापड शिवताना शिवणीत माया सोडायची असते. अंग भरले की तेवढी शिवण उसवून सैल करता येते. रबरात ते जमत नाही. आत कड दुमडून ठेवली तर ती अंगाला काचते, सोलवटून काढते. रबराला माया नाही म्हणजे नाही. गिऱ्हाइकांच्या बाबतीत तिचे काही अडले नाही. अडले ते पोरीच्या बाबतीत.

गौरवी लहानपणापासून लुकडी. पण पाण्याचे वेड इतके, की गावच्या तळीतून तिला बाहेर काढायला नवऱ्याला, गोकुळदासला, काठी घेऊन उभे राहावे लागे. शेवटी दोन बसगाड्या बदलून विमला तिला डिचोलीकडच्या त्या तलावावर नेऊ लागली. थंडीत पोरीचे ओठ जांभळे पडत, दात वाजत, ती अर्ध्यातून बाहेर येई आणि तुवाल्यात गुंडाळून पायरीवर बसे. विमलाला ते बघवले नाही. फुकट गेलेल्या एका कातड्यातून तिने पोरीच्या मापाचे कातडे केले. पोर थंडी विसरली. शिकवणारे श्रीनाथ सर मूळचे गडहिंग्लजचे. त्यांना विमलाने विचारले, हे चालेल का. सर म्हणाले, “चालतंय की. पोरगी पाण्यात टिकली पाहिजे.” बाहेरच्या स्पर्धांचा नियम ना त्यांनी सांगितला, ना विमलाने विचारला. आणि गौरवी टिकली. इतकी टिकली, की बरोबरीच्या पोरी मागे पडू लागल्या.

पोर वाढत होती. कातड्याला माया नव्हती. म्हणून विमलाने ती बाहेरून दिली. कमरेला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडल्या, मांड्यांना जोडल्या. पट्ट्या जाड रबराच्या, परदेशी कातड्यातून काढलेल्या, कारण आपल्या पोरीला चांगले तेच वापरायचे. दर वाढीला एक पट्टी, आणि दर पट्टीला पोर आणखी पुढे. विमला शेजारच्या आनंदीला सांगायची, माझ्या चेडवाच्या अंगात मासळी आसा. आनंदी म्हणायची, मगे फोडी करून वाट गो.

मग बाहेरची मोठी स्पर्धा आली. उडी मारायच्या चौथऱ्याशी पांढऱ्या शर्टातल्या एक पंच बाई उभ्या होत्या. त्यांनी गौरवीच्या कमरेवरची पट्टी दोन बोटांत धरली आणि हे उतरव म्हणाल्या. विमला गॅलरीतून धावत खाली आली.

“बाय माझे, हेच्यात काय मी इंजिन बसवलंय?”

बाई रागावल्या नाहीत. “इंजिन नाही, ताई. पण हे रबर तुमच्या मुलीला उचलून धरतं. बाकीच्या मुलींना कोण धरणार?”

दुसऱ्या एका पोरीचा पोहण्याचा पोशाख मागून आणला. तो गौरवीला ढगळ झाला. शिट्टी झाली, पोरी पाण्यात पडल्या, आणि विमलाने जे पाहिले ते अजून तिच्या डोळ्यांपुढून जात नाही. पोरीचे हात चालत होते, पण पाय खाली ओढले जात होते. जणू कोणी तळाशी बसून धरले होते. अर्ध्या वाटेवर तिने दोर पकडला, सोडला, पुन्हा निघाली. बाकीच्या बाहेर पडून अंग पुसत होत्या तेव्हा ती पोचली. सगळ्या गॅलरीने तिला टाळ्या वाजवल्या. दया आली की माणसे वाजवतात तशा. त्यानंतर गौरवी पाण्यात उतरली नाही. तळीतसुद्धा नाही.

घरी आल्यावर विमलाने न्हाणीतले घमेले भरले आणि त्यात ते कातडे टाकले. कमरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्या वर तरंगल्या. तिने हाताने दाबल्या, हात काढताच पुन्हा वर. पोरीच्या पायांनी करायचे काम पट्ट्या करीत होत्या. पाय शिकलेच नव्हते. नियम खोटा असता तर तिने त्या बाईला महिनाभर शिव्या घातल्या असत्या आणि ती मोकळी झाली असती. नियम खरा निघाला, आणि शिव्या घालायला दुसरे कोणी उरले नाही.

हे सगळे प्रथमेशला काय सांगणार? तिने सुईत नवा दोरा ओवला. तेवढ्यात पेडण्याच्या कॉलेजातून गौरवी आली. तिने पायरीवर चप्पल काढली तोच प्रथमेशने तिलाच धरले आणि बैठकीचे सगळे सांगितले.

“कातडा चलता म्हटल्यानी, तर येतंस मगे परत?”

गौरवीने बॅग खाली ठेवली. आईकडे तिने पाहिले नाही.

“माका पाण्याची भीती नाय, दादा. त्या टाळ्यांची आसा. आणि कातडी चलूक लागली तर सगळीच घालतली. मगे जेच्या आवशीक शिवूक येता, ता पयला.”

शिवणाऱ्या आईचे पोर पहिले, यावर प्रथमेश मोठ्याने हसला. विमलाला हसू आले नाही. पोर आत गेली, भांड्यावरचे झाकण वाजले. सूट शनिवारी न्यायला येतो म्हणून प्रथमेशने स्कूटर चालू केली. बैठकीचे त्याने पुन्हा काढले नाही.

विमलाने गोण उपडी केली. पहिल्याच कातड्याचा गुडघा गेला होता. त्याला ठिगळ जाड हवे होते, आणि तसे जाड रबर घरात एकाच ठिकाणी होते. ट्रंकेच्या तळातून तिने पोरीचे कातडे काढले, कमरेची पट्टी चाचपली आणि कात्री चालवली. रबर कापताना आवाज फार येत नाही. तरी गौरवी ताट हातात घेऊन दारात आली.

“कापलंस?”

“कापलंय. गुडघ्याक जाड व्हया होता.”

“आदीच कापूक व्हया होता, आये,” गौरवी म्हणाली आणि जेवायला बसली.

विमलाने दोन्ही कडांना सोल्युशन लावले. ते चिकट व्हायला वेळ लागतो, तोवर हात लावायचा नसतो. प्रभावती मास्तरणीचा ब्लाउज संध्याकाळी द्यायचा होता. तो तिने पुढे ओढला, शिवणीत दोन बोटे माया सोडली आणि मशीनचे चाक फिरवले.