दोन घटकांची मुदत

“किती झाली?” फरशीला गाल टेकवून प्रबोधभाईंनी विचारलं.

“एकतीस,” भिंतीवरच्या घड्याळावरची नजर न काढता बा, म्हणजे त्यांच्या आई, म्हणाल्या. “सतरा उरली. हात चालव, पण सांडू नकोस.”

कपडे धुण्याचं मशीन पुन्हा अडलं होतं. गोल काचेमागे बांच्या दोन पांढऱ्या साड्या, प्रबोधभाईंचे सदरे आणि एक चादर पाण्यात निपचित पडली होती. पोटात पाणी असलं की हे मशीन दार उघडू देत नाही. मग खालच्या कोपऱ्यातलं चौकोनी झाकण काढायचं, आतली बोटाएवढी नळी ओढायची, तिचं बूच उपटायचं आणि पाणी परातीत धरायचं. परातीपेक्षा उंच भांडं तिथे बसत नाही. परात भरली की बूच लावायचं, मोरीत ओतायची आणि पुन्हा आडवं व्हायचं. ही नववी परात होती आणि प्रबोधभाईंचं वय होतं एकोणसाठ.

“मी ओतून आणू का?” त्यांच्या पत्नी हसुमतीबेन दारातून म्हणाल्या.

“तू परातीला हात लावू नकोस. खांद्यासाठी मशीन आणलं आणि मशीनपायी पुन्हा खांदा घालवशील!”

वोरांच्या जैन घरात ओले कपडे दोन घटकांपेक्षा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ पडून राहू देत नाहीत. त्या ओलीत सूक्ष्म जीव जन्मतात आणि मग कपडा पिळला की हिंसा होते, असं बा मानत. मशीन आणतानाही त्यांनी हीच अट घातली होती. चालू मशीनमधलं पाणी हलतं असतं, म्हणून त्याला त्यांची हरकत नव्हती. शिवाय हसुमतीबेन सगळ्यात छोटा, त्रेचाळीस मिनिटांचा कार्यक्रम लावत. पण मशीन अडलं की पाणी थांबायचं आणि घड्याळ मात्र पळायचं.

कुलूप कट्‌ करून सुटलं तेव्हा त्रेपन्न मिनिटं झाली होती.

बा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या, चष्मा डबीत ठेवला आणि म्हणाल्या, “हसुमती, उद्या माझं आयंबिल.”

म्हणजे दिवसातून एकदाच, एका जागी बसून, तूप, तेल, मसाला काहीही नसलेलं उकडलेलं धान्य. चौऱ्याऐंशीव्या वर्षी. महिन्याभरातलं हे तिसरं.

“बा, चूक मशीनची आहे, तुझी नाही,” प्रबोधभाई ओल्या सदऱ्यानिशी उठत म्हणाले.

“मशीनला आयंबिल करता येत नाही,” बा म्हणाल्या. “आणि ऐक. चातुर्मास लागायला बारा दिवस आहेत. आषाढ चौदसच्या आत हे घरातून गेलं पाहिजे. पावसाळ्यात असलं पाप नको.”

“आणि कपडे?”

“मी धुवीन.”

“तू? नळाची चावी फिरवायला तुला दोन हात लागतात!”

“मी धुवीन,” हसुमतीबेन म्हणाल्या. “इतकी वर्षं कोण धूत होतं? घेऊन जाऊ दे कुणालाही. निदान तुमचे रविवार तरी सुटतील. त्या मशीनला पुसता तेवढा वेळ माझ्या खांद्याला मलम लावलं असतंत, तर तो एव्हाना बरा झाला असता.”

प्रबोधभाईंना हे फार लागलं. भावनगरच्या एका दोरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं ते गोदाम सांभाळत होते. कुठल्या जाडीची, कुठल्या रंगाची दोरी कुठल्या फळीवर आहे, हे ते डोळे मिटून सांगत. वस्तूची निगा राखली की वस्तू दगा देत नाही, या एका विश्वासावर त्यांची नोकरी चालली होती. मशीन आलं त्या रात्री त्यांनी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि तिला खाकी कव्हर घातलं. दर रविवारी देरासरातून, म्हणजे जैन मंदिरातून, आले की ते मशीनपुढे पाट मांडून बसत. दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून कपड्याने पुसत. पावडरीचा खण काढून जुन्या ब्रशाने घासत. खालची जाळी फिरवून काढत आणि तिच्यात अडकलेले धागे, बटणं, एकदा तर बांच्या माळेचा मणी, सगळं वाटीत वेगळं ठेवत. महिन्यातून एकदा क्षार काढायची पावडर घालून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवत, कारण तिथल्या बोअरच्या पाण्याने तांब्यालाही पांढरे थर चढतात. धुणं झालं की दार उघडं ठेवायचं, म्हणजे आत ओल राहत नाही आणि बुरशी धरत नाही. बा आणि माहितीपुस्तिका यांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट.

एवढं करूनही मशीन अडत होतं. तेही रोज नाही. चार दिवस शहाण्यासारखं वागायचं आणि पाचव्या दिवशी पाणी घेता घेता थांबून टी टी करत तेच ते चिन्ह दाखवायचं. पुस्तिकेत त्यापुढे लिहिलं होतं, ‘नळ उघडा आहे का पाहा.’ प्रबोधभाईंनी तो नळ इतक्या वेळा पाहिला होता की त्यांना ते वाक्य शिवीसारखं वाटू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रबोधभाईंनी रजा घेतली. सकाळी साडेसातला कंपनीचा कारागीर आला. परिमल नावाचा, पोट सुटलेला, बोलका माणूस. याआधीही तो दोनदा येऊन गेला होता. त्याने बटण दाबलं आणि मशीनने खळाळून पाणी घेतलं.

“काका, हे तर राजधानी गाडीसारखं चाललंय.”

“तुम्ही आलात की चालतं. तुम्ही जिना उतरलात की अडतं.”

“मग मला इथेच ठेवून घ्या,” परिमल हसला. “जेवणखाण तुमचं, पगार कंपनीचा.”

“मला थट्टा नको आहे. दोष काय आहे ते सांगा.”

“काका, चालत्या मशीनमध्ये दोष कसा दाखवू? फार तर आतलं सर्किट बदलू. कधीकधी त्याचं डोकं फिरतं.”

“कधीकधी म्हणजे? फिरलंय की नाही?”

“बदलल्यावर कळेल ना!”

प्रबोधभाईंनी त्याला चहा दिला, गाठिया दिले आणि सर्किट न बदलता जिन्याकडे वाट दाखवली. बा समोर बसून आयंबिलाचे उकडलेले मूग एकेक करून चावत होत्या. त्यांच्याकडे पाहून प्रबोधभाईंनी आपल्या वाट्याचे गाठिया डब्यात परत टाकले.

त्यांनी मग गोदामातली रीत काढली. माल कमी पडला की आधी तो कधी कमी पडला हे पाहायचं. मशीन कधी अडलं याची नोंद कॅलेंडरवर होतीच. सगळ्या वेळा सकाळी अकरानंतरच्या. परिमल दर वेळी आठच्या आत यायचा. आठला गच्चीवरची टाकी काठोकाठ असते. अकरापर्यंत अख्ख्या सोसायटीचं धुणं-भांडी होऊन ती तळाला जाते आणि पाण्याचा जोर उतरतो. म्हणजे जोर असला की पाणी रेटून आत शिरतं, नसला की कुठेतरी अडतं. पण अडतं कुठे? स्वयंपाकघरातला नळ तर दुपारीही बरा चालतो.

दुपारी बारा वाजता त्यांनी मशीनमागचा पाइप मशीनच्या बाजूने सोडवला, बादलीत धरला आणि हसुमतीबेनना नळ उघडायला सांगितलं.

आजाऱ्याला चमच्याने पाजावं तशी धार पडली.

“पूर्ण उघड!”

“पूर्णच उघडलाय. ओरडू नका.”

मशीन ओढून बाहेर काढलं. त्यात गुडघा सोलला. भिंतीला चिकटून त्यांनी नळापाशी पाना लावला आणि पाइपाचं तोंड सोडवलं. तिथे, नळ आणि पाइप यांच्या मधोमध, दोन पदरी मलमलीचा तुकडा दाबून बसवलेला होता. कधी काळी पांढरा असावा. आता क्षार चढून भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक झाला होता.

प्रबोधभाईंनी तो दोन बोटांत धरून बाहेर आणला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता, आणि वोरांच्या घरात ते चांगलं लक्षण नव्हे.

“हे कुणी घातलं?”

“मी,” बा म्हणाल्या.

“कधी?”

“मशीन आलं त्याच दिवशी. तू साहेबाला फोन करत होतास. नळ जोडणाऱ्याला म्हटलं, भाई, गळणं, पाणी गाळायचं फडकं, लावल्याशिवाय जोडू नकोस. भला माणूस, त्याने लावलं.”

“आठ महिने झाले, बा! आठ महिने मी हे मशीन खालून, पुढून, आतून साफ करतोय. तीनदा कारागीर आणला. मला सांगायचं नाही?”

“यात सांगायचं काय? या घरात न गाळलेलं पाणी कधी वापरलंय का? मशीन आलं म्हणून पाणी गाळायचं सोडायचं?”

प्रबोधभाई आणखी चिडले. “मग गाळ! पण गळणं धुवायचं कुणी?”

“तूच धूत होतास ना,” बा म्हणाल्या. “दर रविवारी पाणी आणि वाटी घेऊन बसायचास. मला वाटलं, मुलगा नियम पाळतोय. बरं वाटायचं मला.”

“मी पुढची जाळी धूत होतो. मागे कधी गेलोच नाही.”

बांनी हात पुढे केला. तो कडक तुकडा तळव्यावर घेतला आणि नखाने त्यावरचा क्षार खरवडून पाहिला. रोजचं गळणं रोज गाळलेल्या पाण्याने विसळायचं आणि ते पाणी जिथलं तिथे परत सोडायचं, म्हणजे त्यातले जीव जगतात, असा त्यांचा आठव्या वर्षापासूनचा नेम होता. हे गळणं आठ महिने अंधारात सुकत पडलं होतं.

“ओल्या कपड्यांसाठी तीन आयंबिलं केली,” त्या म्हणाल्या. “याच्यासाठी किती करू?”

“एकही नाही,” हसुमतीबेन पुढे येत म्हणाल्या. “तुम्हाला माहीत नव्हतं, त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही पडलात, तर तुम्हाला उचलायला माझ्याकडे एकच खांदा आहे.”

यावर बा पहिल्यांदा थोडं हसल्या. पण मशीन राहणार की जाणार, ते त्यांनी सांगितलं नाही. प्रबोधभाईंनी गळण्याशिवाय पाइप जोडायची गोष्ट काढून पाहिली, तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटी त्याच संध्याकाळी नळ मशीनच्या मागून काढून पुढे, हाताला येईल असा बसवून घेतला. त्यावर नवं, दोन पदरी, मोठं गळणं आलं. अट ठरली. रोज सकाळी गळणं काढायचं, विसळायचं, पुन्हा लावायचं. एक दिवस चुकला, तर मशीन गेलं.

“करणार कोण?” बांनी विचारलं.

हसुमतीबेननी नवऱ्याकडे पाहिलं. ज्याने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता, तो माणूस म्हणाला, “मी. दुसरं कोण उरलंय?”

सकाळी कारखान्यात जायच्या आधी त्यांनी पाइप सोडवला. अंगभर पाणी उडालं. पँट बदलावी लागली. गळणं काढलं, उलटं करून तांब्यात विसळलं, झटकलं, लावलं. आटे दोनदा तिरपे बसले. तिसऱ्यांदा बसले, तेव्हा त्यांची बस चुकलेली होती.

“झालं!” ते म्हणाले.

“तांब्यातलं पाणी?” बांनी विचारलं.

पाणी बोअरचं, आणि बोअरचं पाणी आधी फाटकाजवळच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं. म्हणजे तीन जिने खाली. सोसायटीला लिफ्ट नाही.

प्रबोधभाई तांब्या घेऊन तणतणत दाराकडे निघाले, तोच हसुमतीबेन स्वयंपाकघरातून दुसरा तांब्या घेऊन आल्या.

“जाताच आहात, तर हाही न्या. पिण्याच्या पाण्याच्या गळण्याचा.”

“हा रोज कोण नेतं?”

“आपोआप जातो,” हसुमतीबेन म्हणाल्या आणि दुखऱ्या हाताने दार उघडून धरलं.

दोन्ही हातांत दोन तांबे, कठड्याला धरायला हात नाही, सोललेला गुडघा प्रत्येक पायरीला ठणकतोय. दुसऱ्या मजल्यावर थोडं पाणी हिंदकळलं, तसे ते थांबले. हाच जिना, हाच तांब्या, रोज, आणि हसुमतीचा तो खांदा. डॉक्टरने तीनदा विचारलं होतं, जड काही उचलता का? प्रबोधभाईंनीच ठासून सांगितलं होतं, छे, आता मशीन आहे.

खाली टाकीपाशी तीन-चार बायका आपापले तांबे घेऊन उभ्या होत्या. त्यांना पाहून एकीने विचारलं.

“हसुमतीबेनना बरं नाही का?”

“बरी आहे,” प्रबोधभाई म्हणाले, आणि आधी हसुमतीबेनच्या तांब्यातलं पाणी टाकीत सोडलं.